कॅलिपर घातलेली नायिका कुठे आहे?

भीमजयंतीला भडकल गेटजवळच्या पुस्तकांच्या स्टॉलवर एक आई विचारत होती, "हिच्यासारख्या मुलीचं पुस्तक आहे का?" लेकीच्या पायात कॅलिपर होते. विक्रेत्याकडे तसे पुस्तक नव्हते.

आमच्या बालवाङ्मयात कुबड असलेली बाई भेटते ती मंथरा, कारस्थानी. दुसरी कुब्जा, कृष्ण तिची पाठ सरळ करतो तेव्हा कुठे ती सुंदर ठरते. म्हणजे अपंग बाईने एकतर खलनायिका व्हावे, नाहीतर चमत्काराची वाट पाहावी! मागच्या जन्मीचे पाप मुलांच्या डोक्यात असे चित्रांसह उतरवले जाते.

खऱ्या नायिका शोधायला लांब जायला नको. व्हीलचेअरवर बसून कोल्हापुरात अपंगांची मोठी संस्था उभारणाऱ्या नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र मोठ्यांसाठी आहे. आपल्या मराठवाड्याच्या, नांदेड जिल्ह्यातील गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात सुमित अंतिलसह देशाचा तिरंगा धरला. अपंगांचे हक्क अभ्यासक्रमात आणा, असे २०१६ च्या कायद्याचे कलम ३९ सांगते. बालभारतीने भाग्यश्रीताईंवर धडा घ्यावा. आणि आपल्या प्रकाशकांनी पुढच्या १४ एप्रिलपूर्वी वीस रुपयांची सचित्र पुस्तिका काढावी. मजकूर मी विनामूल्य तपासून देईन.