मांजर जेवत नाही तेव्हा...

बुलढाणा जिल्ह्यातील डोणगावचे घर असो वा मुंबईतील सदनिका, मांजराच्या वाट्याला दूधपोळीच येते. गावातील मांजर उंदीर मारून त्यातील उणीव भरून काढते. उंदराच्या मांसातून त्याला टॉरिन हे अमिनो आम्ल मिळते. ते मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. सदनिकेतील मांजराला ही सोय कुठली? टॉरिनअभावी दृष्टिपटल निकामी होते, हे १९७५ मध्ये, तर हृदयाचा स्नायू दुबळा होतो, हे १९८७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले. विकतच्या परिपूर्ण खाद्यात टॉरिन असतेच. घरच्या अन्नावर वाढणाऱ्या मांजराला मात्र पशुवैद्याच्या सल्ल्याने ते पूरक म्हणून द्यावे.

आजारी मांजराची गोष्ट वेगळी. काही दिवसांच्या उपासानेही, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून जिवावर बेतते. तेथे जीवनसत्त्वांचे थेंब पुरत नाहीत. प्रथिने आणि उष्मांक पोटात जावेच लागतात. मांजराला गोड चव कळत नाही, ते वासावर जेवते. त्यामुळे अन्न किंचित कोमट केल्यास चोखंदळ मांजरही अनेकदा तोंड लावते. कांदा-लसणाचा रस्सा मात्र त्याला विषासमान. दिवसभर अन्नाला शिवले नाही, तर टॉनिक शोधत न बसता पशुवैद्य गाठावा.