शेतांतील घरास विहिरीचें पाणी

शिरपूर जैन हें गांव वाशिम जिल्ह्यांतील मालेगांव तालुक्यांत असून अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळें दूरवर प्रसिद्ध आहे. तेथील मूर्तीच्या आख्यायिकेंतही पाण्याचीच कथा आहे. एका जलाशयाच्या पाण्यानें श्रीपाल राजाचा त्वचारोग बरा झाला, असें सांगतात. आज आम्हांस लिहावयाचें आहे तें मात्र एका साध्या शेतविहिरीच्या पाण्याविषयीं. आमचे एक आप्त ह्या गांवाच्या शिवारांत, वस्तीपासून दूर, वावरांतच घर बांधून राहतात. विजेची तार तेथवर गेलेली नाहीं. विहीर घराच्या खालच्या अंगास, दोनशें पावलांवर. घरांत माणसें सहा. जल जीवन मिशननें खेड्यांकरितां दर माणशीं दररोज ५५ लिटर पाण्याचें मान धरिलें आहे. त्या हिशेबानें ३३० लिटर पाणी हवें, म्हणजे बारा लिटरांच्या घागरीच्या अठ्ठावीस खेपा. ह्या खेपा घरची सून व नववींत शिकणारी मुलगी करीत. त्या मुलीच्या अभ्यासाचा वेळ कोठें जाई, हें आमच्या विद्यार्थ्यांस निराळें सांगावयास नको.

एके वर्षीं दसऱ्याच्या सुमारास आमच्या आप्तांनीं पेट्रोलवर चालणारा लहान पंप आणून विहिरीच्या कांठावर बसविला. पाणी घरापर्यंत आलें, मुलीनें घागर पालथी घातली. पुढें होळी झाली, आणि पाणी बंद पडलें. इंजिन तर पूर्ववत् फिरत होतें. विक्रेत्याकडे गेले असतां तो म्हणाला, "यंत्रांत दोष नाहीं, तें विहिरींत खालीं उतरवून चालवा." हा सल्ला किती घातक होता, तें पुढें येईल. अगोदर पाणी कां थांबलें, तें पाहूं.

पंप पाणी ओढतो असें आपण म्हणतों, परंतु तें खरें नव्हे. पंप नळींतील हवा तेवढी काढून घेतो. मग विहिरींतील पाण्यावर बाहेरच्या हवेचा जो दाब असतो, तो पाण्यास नळींत वर ढकलतो. समुद्रकांठीं हा दाब ३४ फूट उंचीचें पाणी तोलून धरितो, अधिक नाहीं. इटलींतील टॉरिचेल्ली ह्यानें १६४३ सालीं पाऱ्याच्या नळीचा जो प्रयोग योजिला, त्याचें मर्म हेंच. वाशिमचें पठार समुद्रसपाटीहून दीड हजार फुटांवर उंच असल्यामुळें तेथें ही मर्यादा ३२ फुटांच्या आसपास येते. आणि नळींतील घर्षण, सांध्यांतून शिरणारी हवा हीं जमेस धरितां व्यवहारांत बावीस-तेवीस फुटांपलीकडे भरंवसा धरूं नये. आतां ह्या प्रदेशाचा खडक पाहा. काळ्या पाषाणाच्या भेगांत व वरच्या मुरुमांत जें पाणी मुरतें, तेंच विहिरीस मिळतें. भाद्रपदांत तुडुंब भरलेली विहीर वैशाखांत तळ दाखविते. आमच्या आप्तांच्या विहिरींत दसऱ्यास पाणी बारा फुटांवर होतें, होळीनंतर तें तीस फुटांखालीं गेलें. दहापट मोठें यंत्र कांठावर बसविलें असतें तरी थेंब चढला नसता.

इंजिन विहिरींत उतरविलें असतें तर पाणी कदाचित् चढलें असतें. पण इंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. विहिरीच्या कोंडलेल्या हवेंत तो सांचून राहतो, आणि इंजिन बंद करावयास उतरलेला मनुष्य वर येत नाहीं. त्यास काढावयास दुसरा उतरतो, तोही तेथेंच राहतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत येथें उपयोगी नाहीं. प्राणवायु फार कमी झाला तर कंदील विझतो. परंतु ह्या वायूचें प्राणघातक प्रमाण असूनही तो जळत राहूं शकतो. आमच्या आप्तांनीं दोर आणून ठेविले होते. आम्हीं अक्षरशः हात जोडले, तेव्हां ते थांबले.

आमच्या वाडवडिलांच्या मोटेस ही अडचण कधीं आली नाहीं, कारण मोट स्वतः पाण्यापर्यंत खालीं जाते व बैल ती भरलेली वर आणतात. हेंच तत्त्व पुढें हातपंपांत आलें. १९६० नंतर जालना व सोलापूर येथें मिशनच्या पाणीपुरवठ्याच्या कार्यांतील कारागिरांनीं मजबूत पोलादी हातपंप बनविले. त्यांचें दट्ट्याचें नळकांडें खालीं पाण्यांत असे व दांडा वर. सोलापूरच्या पंपावरूनच १९७० नंतरच्या दशकांत, युनिसेफच्या साह्यानें, 'इंडिया मार्क टू' हा पंप तयार झाला व देशभर पसरला. खोल पाणी ओढावयाचें नसतें, खालून ढकलावयाचें असतें.

आमच्या आप्तांनींही शेवटीं तेंच केलें. सौर तक्त्यावर चालणारा लहान पाणबुडी पंप त्यांनीं विहिरींत दोरानें सोडला. (दोरानेंच, विजेच्या तारेवर भार देऊं नये.) पाण्याची पातळी उतरली कीं दोर सैल करावयाचा. शक्ति किती लागते, ह्याचा हिशेब वरच्या वर्गांतील मुलांनीं अवश्य करून पाहावा. विहिरीची खोली चाळीस फूट, घराचा चढ वीस, टांकीचा मांडव दहा, एकूण सत्तर फूट, म्हणजे सुमारें २१ मीटर. ५०० लिटर पाणी इतकें चढविण्यास जें कार्य घडतें, तें शंभर वॅटचा दिवा सतरा-अठरा मिनिटें जाळण्याइतकेंच! पंपांत व नळींत तीन चतुर्थांश शक्ति वायां गेली असें मानिलें तरी एक तास दहा मिनिटें. तीन किंवा पांच अश्वशक्तीचे मोठे सौर पंप सरकारी योजनांतून मिळतात, ते पिकांच्या ओलितासाठीं; एका घराच्या पाण्यास त्यांची गरज नाहीं. मात्र असा पंप शेतांत असेलच, तर त्याच्या नळीस एक फांटा काढून टांकी भरावी.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत. पाणी परत विहिरींत उतरूं नये म्हणून नळीस एकमार्गी झडप बसवावी. (कांठावरच्या पंपाच्या नळीस तळाशीं अशीच झडप असते. तिचें इंग्रजी नांव फूटव्हॉल्व्ह. आमचे शेतकरी तीस खुशाल 'फुटबॉल' म्हणतात, आणि दुकानांत तेंच नांव चालतें.) नळी हातभर खोल पुरावी, म्हणजे ती वखराखालीं सांपडणार नाहीं व उन्हानें पाणी तापणार नाहीं. विहीर भरली असो वा आटलेली, तिला कठडा हवाच. शौचखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर असावा. उघड्या विहिरीचें पाणी नितळ दिसलें तरी निर्जंतुक नसतें. हजार लिटरांस अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर टाकून तास भर थांबावें, मगच तें प्यावें.

मागील वैशाखांत आम्ही तेथें गेलों होतों. विहिरींत पुरुषभर पाणी होतें, दोर जवळजवळ पुरता सोडलेला होता, आणि नळास धार बारीक पण अखंड होती. मुलगी सकाळीं ओल्या फडक्यानें सौर तक्त्यावरील धूळ पुसून, दप्तर घेऊन शाळेस निघाली.