लबाड कोतवालाचं ऐकावं का?

कालाहारीच्या वाळूतून मीरकॅटनं विंचू उकरून काढलेला असतो. तेवढ्यात झाडावरून धोक्याची हाक येते आणि विंचू तिथंच टाकून ते बिळाकडे धूम ठोकतं. आकाशात ना ससाणा, ना गरुड. हाक देणारा कोतवाल खाली झेपावून आयता विंचू उचलतो.

हा आफ्रिकी कोतवाल आपल्याकडे गुरांच्या पाठीवर दिसणाऱ्या काळ्या कोतवालाचा भाऊबंद. दक्षिण आफ्रिकेतल्या कुरुमान नदीकाठी टॉम फ्लॉवर या संशोधकानं त्याच्यावर दीर्घकाळ पाळत ठेवली. त्याच्या आहारातला सुमारे २३ टक्के भाग लुबाडणुकीचा निघाला. थंडीत उडते किडे मिळेनासे झाले, की लुबाडणूक वाढते.

मग मीरकॅट आणि तिथले काळे-पांढरे सातभाई त्याचं ऐकतात तरी कशाला? कारण शिकारी पक्षी खरोखर आला, तरी हाच ओरडतो. तो पहाऱ्यावर असला, की सातभाई मान खाली घालून निवांत खात बसतात. शिवाय खोट्या हाकेला फसलं तर एक विंचू जातो. खरीकडे काणाडोळा केला तर जीव. हिशेब इतका एकतर्फी असल्यावर थोडी फसवणूक परवडते.

सांगणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा स्वार्थ पुरता जुळत नसेल, तर नेमकी माहिती पोचतच नाही, फक्त ढोबळ पोचते. स्वार्थातलं अंतर फारच वाढलं तर बोलणं निव्वळ गोंगाट ठरतं. व्हिन्सेंट क्रॉफर्ड आणि जोएल सोबेल या अर्थशास्त्रज्ञांनी १९८२मध्ये हे गणितानं मांडलं. त्यांच्यासमोर पक्षी नव्हते, पण कोतवालाची अडचण हीच आहे. खोटं फार झालं, तर कुणी मान वर करणार नाही.

त्यावर त्यानं काढलेली युक्ती २०१४मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. स्वतःच्या हाकांबरोबर तो इतर पक्ष्यांच्या आणि मीरकॅटच्याही हाका हुबेहूब काढतो. संशोधकांनी अशा एकूण ५१ प्रकारच्या हाका नोंदवल्या. एकच हाक तीनदा ध्वनिमुद्रणातून ऐकवली, तेव्हा सातभाईंचा प्रतिसाद मंदावला. तिसऱ्या वेळी हाक बदलली, तेव्हा मंदावला नाही. कोतवालही एका हाकेला सावज बधलं नाही, तर पुढच्या खेपेला बहुधा वेगळी काढतो.

यावरून त्याला समोरच्याचं मन वाचता येतं, असं म्हणायची घाई नको. फसली ती हाक सोडायची नि दुसरी लावून बघायची, एवढ्या साध्या शिकण्यावरही हे सगळं भागू शकतं.