बसून काम, तरी डोक्यावर ओझे

"आठ तास एसीत खुर्चीवर बसून असतात, मग दमतात कशाने?" कंट्रोल रूममध्ये पाळी करणाऱ्या ऑपरेटरांच्या घरच्यांकडून हा प्रश्न मी नेहमी ऐकतो. पोती उचलणाऱ्याचे ओझे किलोत मोजता येते. डोक्यावरचे ओझे दिसत नाही. पण तेही मोजता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

हे ओझे किती वाढू शकते? २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन २६ जण जखमी झाले. स्फोटापूर्वीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले. म्हणजे मिनिटाला पंचवीस! त्यातला महत्त्वाचा कोणता, हे ओळखायला कितीही हुशार माणसाला वेळ कसा मिळावा?

मोजायचे कसे?

सर्वांत सोपी रीत म्हणजे काम करणाऱ्यालाच विचारणे. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेत तयार झालेली आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली प्रश्नावली यासाठी जगभर वापरतात. तिच्यात सहा गोष्टी विचारतात : डोके किती चालवावे लागले, शरीराला किती श्रम पडले, घाई किती होती, काम कितपत जमले, त्यासाठी किती कष्ट घ्यावे लागले आणि चिडचिड किती झाली. प्रत्येकीला ० ते १०० गुण द्यायचे. गुण जितके जास्त, तितके ओझे जास्त. काम चांगले जमले असेल, तर त्या प्रश्नाला मात्र गुण कमी.

दुसरी रीत शरीराची. हृदयाच्या ठोक्यांमधले अंतर एरवी थोडे कमीजास्त होत असते. डोक्यावर ताण आला की ते अधिक एकसारखे होते. डोळ्यांची बाहुलीही मोठी होते. परंतु चहा, उजेड, अपुरी झोप यांचाही परिणाम होत असल्याने केवळ यंत्रावर विसंबू नये.

काम कमी, तरी धोका

ओझे अगदी कमी असणेही बरे नव्हे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले की, क्वचितच घडणाऱ्या खुणेकडे एकटक लक्ष ठेवणारा माणूस अर्ध्या तासातच खुणा चुकवू लागतो. रात्रपाळीत, सारे सुरळीत चालू असताना, नेमके हेच होते.

काय करावे?

ऑपरेटर मित्रांनी दोन आठवडे पाळी संपताच हे सहा गुण वहीत लिहावेत. कोणत्या पाळीत, कोणत्या कामाला आकडा चढतो ते दिसेल. तो आकडा माणसाची लायकी ठरवण्यासाठी नाही, काम सुधारण्यासाठी आहे. व्यवस्थापनाने निरर्थक अलार्म काढावेत, मधे विश्रांती द्यावी, मदतीला माणूस द्यावा. झोप उडणे, सततची डोकेदुखी, छातीत धडधड असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

आणि घरच्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : पाळीवरून आलेला माणूस बसून आला असला, तरी तो दमून आलेला असतो.