सॉरी, भिडू!

रात्रीचे साडेदहा. लॅपटॉपवर हिरवंगार टेबल, चार बाजूंना चार नावं आणि त्यातलं एक नाव उजळलेलं. ते माझं! म्हणजे आता बोली माझी. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातली तीन माणसं माझ्यासाठी खोळंबलीयेत आणि माझ्या तळहाताला घाम फुटलाय. दहावीच्या गणिताच्या पेपरलासुद्धा एवढा फुटला नव्हता.

समोरच्या भिडूने बोली लावली होती, ‘वन नो-ट्रंप’. म्हणजे कुठलाही हुकूम न ठेवता सात हात करतो, आणि माझ्याकडे पंधरा ते सतरा पॉइंट्स आहेत. माझ्याकडे दहा. दोघांचे मिळून पंचवीस झाले की ‘थ्री नो-ट्रंप’ म्हणायचं, हे मी आदल्याच दिवशी वहीत लाल पेनाने लिहिलं होतं. पण ऐन वेळी वाटलं, नको बाबा, अंगाशी आलं तर? मी ‘पास’ दाबलं. भिडूने आरामात दहा हात केले. आम्हाला मिळाले 180. थ्री म्हटलं असतं तर 430 मिळाले असते. चॅटमध्ये चार प्रश्नचिन्हं उमटली आणि पुढच्या सेकंदाला समोरची खुर्ची रिकामी. गेला की हो!

मी लॅपटॉप मिटला तो पुढचे पंधरा दिवस ब्रिजसाठी उघडलाच नाही.

काकांचा चौथा भिडू

आता तुम्ही म्हणाल, मग हा उपद्व्याप सांगितला होता कुणी? तर नाशिकच्या काकूने. काका बँकेतून रिटायर झाले तेव्हापासून त्यांचा चौघांचा ब्रिजचा अड्डा पक्का होता. 2020च्या लॉकडाउनमध्ये क्लब बंद झाला, तेव्हा हे चार आजोबा टॅबलेट घेऊन चक्क ऑनलाइन गेले. गेल्या वर्षी काकांचे नेहमीचे भिडू वारले. त्यानंतर काकांनी टॅबलेट हातात धरला नाही. ‘तू शीक ना गं,’ काकू फोनवर म्हणाली, ‘तुला ते नाही म्हणणार नाहीत.’ जसं काही वरण-भाताचा कुकर लावायला शिकायचंय!

खरं सांगायचं तर अर्धा ब्रिज आपल्याला येतच असतो. मे महिन्याच्या सुट्टीत मेंढीकोट खेळलायत ना? चार जण, दोन जोड्या, तेरा-तेरा पत्ते, उतारी, हुकूम, सगळं तेच. घोळ आहे तो बोलीचा. भिडूशी बोलायचं नाही, डोळे मिचकवायचे नाहीत. हातात काय आहे हे फक्त बोलीतून सांगायचं. किल्वर, चौकट, बदाम, इस्पिक आणि नो-ट्रंप, प्रत्येकाच्या सात पायऱ्या, म्हणजे एकूण पस्तीस बोल्या. एक्क्याचे चार पॉइंट्स, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. हा हिशेब लोकलमध्ये पाठ होतो. भीती त्याची नसतेच.

भीती असते भिडूची. बुद्धिबळात हरलात तर तुम्ही हरता. इथे तुमच्यामुळे दुसरं कुणीतरी हरतं. मेंढीकोटात चुकलं की चुलतभाऊ टपली मारतो आणि विषय संपतो. ऑनलाइन टेबलावर एक अनोळखी माणूस काही न बोलता उठून जातो, आणि ते टपलीपेक्षा जास्त लागतं.

आधी रोबोट, मग माणसं

पंधरा दिवसांनी पुन्हा बसले ती थेट माणसांमध्ये नाही. ‘ब्रिज बेस ऑनलाइन’ (खेळणारे त्याला ‘बीबीओ’ म्हणतात) या साइटवर बाकी तिन्ही जागी रोबोट बसवून खेळता येतं. रोबोट उसासे टाकत नाही! बोलीवर कर्सर नेला की तिचा अर्थही समोर येतो. मी आठवडाभर ऑफिसच्या कामासारखी रोज सहा डाव खेळले. आणि हो, घरच्या पत्त्यांत होणारे काही घोटाळे इथे करायची सोयच नाही. बदाम हातात असताना चुकून इस्पिक टाकायला जाल, तर कॉम्प्युटर टाकूच देत नाही. पिसणं, वाटणं, गुण मोजणं, सगळं तोच करतो.

मग दुसऱ्यांचे डाव बघायला लागले. याला म्हणतात ‘किबिट्झिंग’. आपल्या भाषेत सांगायचं तर, लोकलमध्ये मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून पत्ते कुटणाऱ्यांच्या खांद्यावरून डोकावणं. फक्त इथे कुणी ‘ओ मॅडम, जरा सरका’ म्हणत नाही. बघता बघता कळलं की, भलेभलेही डाव घालवतात. त्याहून मोठा साक्षात्कार म्हणजे, तेच पत्ते इतर टेबलांवरही खेळले जातात आणि डाव संपल्यावर त्यांचे निकाल बघता येतात. ज्या डावानंतर मी स्वतःला अर्धा तास कोसत होते, तो आणखी पाच टेबलांवर तस्साच बुडाला होता. त्या रात्री झोप छान लागली.

प्रोफाइलमध्ये मी आधी काहीच लिहिलं नव्हतं. आता ठळकपणे ‘बिगिनर’ लिहिलं. लाज वाटली, पण फायदा लगेच दिसला. मला नको असलेले लोक आपोआप टळले आणि जे बसले ते धीर देणारे निघाले. पहिल्यांदा एकाने ‘एसएवायसी?’ असं विचारलं, तेव्हा मला वाटलं गावाचं नाव विचारतोय. ती ‘स्टँडर्ड अमेरिकन’ नावाची बोलीची सर्रास वापरातली पद्धत निघाली. ‘हो, पण नवीन आहे’ एवढं टाइप करायला शिका, निम्मं टेन्शन तिथेच जातं. आणि नवशिक्याचं परमसुख म्हणजे ‘डमी’ होणं. भिडूची बोली ठरली की आपले पत्ते टेबलावर उघडे, खेळणार तो, आपण चहा आणायला मोकळे.

‘म्हाताऱ्यांचा खेळ’ म्हणून नाक मुरडणाऱ्या माझ्या मैत्रिणींसाठी एक माहिती. 2018च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये भारताला सोनं मिळवून दिलं, तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते. वॉरन बफे ‘टी-बोन’ या नावाने ऑनलाइन ब्रिज खेळतात, हेही सांगून पाहिलं. मुरडलेलं नाक जरा सरळ झालं.

रविवार, संध्याकाळी सहा

दोन महिन्यांनी काकांना फोन केला. ‘रविवारी बसू या का? मी येते.’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग, ‘बोली कुठली खेळतेस?’

रविवारी काका माझ्या समोर, त्यांचे दोन मित्र आमच्याविरुद्ध. तिसऱ्याच डावाला काकांची बोली, ‘वन नो-ट्रंप’. माझ्याकडे दहा पॉइंट्स. इस्पिक तीन, बदाम तीन, बाकी सगळं बेताचं. तोच घाम, तोच उजळलेला चौकोन. या वेळी मी ‘थ्री नो-ट्रंप’ दाबलं आणि खुर्चीत मागे टेकले.

डमी मीच, त्यामुळे नुसतं बघायचं होतं. काका झपाझप खेळत होते. आठ हात झाले, नववा समोर दिसत होता, आणि काकांनी राणीऐवजी दश्शी टाकली. समोरच्याने ती गुलामाने खाल्ली आणि उरलेले हातही नेले. एक हात कमी. डाव बुडाला.

चॅटमध्ये मराठीतून दोन शब्द आले, ‘सॉरी, भिडू.’

काकांनी मला आयुष्यात पहिल्यांदा सॉरी म्हटलं होतं. उत्तर टाइप करेपर्यंत पुढचे तेरा पत्ते समोर आलेसुद्धा. दोन एक्के, एक राजा, एक राणी. तेरा पॉइंट्स. बोली माझीच होती.