प्लास्टिकमधली पूड आणि काच : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लखनौच्या इंदिरानगरातला भूतनाथ बाजार असो की जळगावची बाजारपेठ, प्लास्टिकची खुर्ची घेणारं गिऱ्हाईक आधी ती उचलून बघतं. जड लागली की ‘माल चांगला’ म्हणून मोकळं होतं. ही पारख फसवी आहे.

गैरसमज : जड तेवढं मजबूत.
वस्तुस्थिती : अशा खुर्च्या बहुतेक पॉलिप्रोपिलीनच्या असतात. त्याची घनता ०.९ च्या आसपास, म्हणून निव्वळ पॉलिप्रोपिलीनचा तुकडा पाण्यावर तरंगतो. चुनखडीच्या पुडीची घनता २.७. वजनाच्या ३० टक्के पूड मिसळली, की तोच तुकडा तळाशी जातो. खुर्ची जड होते, माल स्वस्त पडतो. पण पूड अति झाली तर पाय धक्क्यासरशी कडकन मोडतो.

गैरसमज : पूड म्हणजे भेसळच.
वस्तुस्थिती : लिओ बेकलंड यांच्या १९०७च्या बेकेलाइटमध्येही लाकडाचा भुसा घालत, कारण नुसतं रेझिन ठिसूळ. शंखजिऱ्याचे, म्हणजे टाल्कचे, कण चपटे असतात. त्यांनी पॉलिप्रोपिलीन ताठ होतं, उष्णतेत कमी लवतं, साच्यातून निघाल्यावर कमी आकसतं. मोटारींच्या डॅशबोर्डात ते मुद्दाम घालतात. भेसळ ठरते ती गिऱ्हाइकाला न सांगता, निव्वळ पैसे वाचवायला केलेली भर.

गैरसमज : पूड काय नि काचतंतू काय, सारखंच.
वस्तुस्थिती : तंतू लांबट असल्याने ताण स्वतःवर घेतो. ठरावीक भाराच्या चाचणीत साधं नायलॉन-६ सुमारे ६५ अंश सेल्सिअसला वाकतं. ३० टक्के काचतंतू घातलेलं २०० अंशांच्या आसपास तग धरतं. मात्र तंतूवर सिलेनसारखा लेप हवा. तो नसेल तर प्लास्टिकची पकड बसत नाही आणि तंतू सुटून येतो.

गैरसमज : काच घातली की सगळीकडून भक्कम.
वस्तुस्थिती : साच्यात वितळलेलं प्लास्टिक ज्या दिशेने वाहतं, त्याच दिशेने बरेचसे तंतू लागतात. लाकूड जसं रेषेला धरून चिरतं, तसंच इथेही आडव्या दिशेला बळ कमी पडतं. दोन प्रवाह जिथे मिळतात, ती सांध्याची रेष सर्वांत कच्ची.

पूड किंवा काच किती, हे प्रयोगशाळेत नमुना जाळून उरलेल्या राखेच्या वजनावरून काढतात. प्लास्टिकची तपासणी करणाऱ्या ‘सिपेट’ची केंद्रं लखनौ आणि छत्रपती संभाजीनगर, दोन्हीकडे आहेत. मोटारीच्या सुट्या भागावर तर पाठीमागे खूण कोरलेली सापडते : ‘पीपी-टीडी२०’ म्हणजे २० टक्के टाल्क, ‘पीए६-जीएफ३०’ म्हणजे ३० टक्के काचतंतू. पुढच्या वेळी वजन तोलण्याआधी ती खूण वाचा.