फ्रीजचे बटण आणि इन्सुलिनची बाटली

मासळी टिकावी म्हणून देवगडात पुष्कळ घरी फ्रीजचे बटण शेवटच्या आकड्यावर असते. त्याच फ्रीजमध्ये कुणाचे इन्सुलिनही असते.

मागे एक आजी आल्या. इंजेक्शन वेळेवर, पथ्य नेमके, तरी साखर उतरेना. मी डोस वाढवणार होतो; तेवढ्यात विचारले, बाटली कुठे ठेवता? "बर्फाच्या कप्प्याला टेकून." घोटाळा तिथेच होता. डोस वाढवला असता आणि पुढची बाटली चांगली निघाली असती, तर साखर धोकादायकरीत्या खाली गेली असती.

इन्सुलिन हे प्रथिन आहे. एकदा गोठले की त्याच्या गुणाची खात्री नसते, मग बाटली दिसायला चांगली का असेना. ती टाकूनच द्यावी. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी.

बटणावरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत. बहुतेक फ्रीजमध्ये आकडा मोठा तेवढी थंडी जास्त, इतकेच. फ्रीजचा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा. दार उघडताच हवा तापते, पाणी सावकाश तापते. म्हणून पाण्यातला आकडा भरवशाचा. तो ४ अंशांच्या आसपास येईपर्यंत बटण थोडे थोडे फिरवा. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही.

बाटली डब्यात घालून मधल्या फळीवर ठेवा. दारात नको, बर्फाजवळ तर नकोच. वीज गेली तर दार बंदच ठेवा. आणि साखर अचानक वाढली, तर डोस स्वतःहून वाढवू नका. बाटली घेऊन डॉक्टरांकडे या.